तीन नंबर वॉर्डाच्या सह्या

रुचिका : मग तिलाच दत्तक घे ना, मम्मी. अर्ज लिहायची तर तुला आता सवयच झाली आहे.

रीता : पोट्टे, सकाळी सकाळी डोकं नोको खाऊ. मतदार यादी दे इकडे. अन् पंखा बंद कर, कागद उडून राहिले.

रुचिका : विषय बदलू नको. काल धरण्यावर दीडशे लोकांसमोर तू काय म्हणाली? "चेतनासारखी पोरगी घरोघरी पाहिजे." आणि मी कुठे होते तेव्हा? तुझ्या मागे. सतरंजीवर. पाण्याची कॅन सांभाळत!

रीता : मंग? चांगलंच त म्हटलं.

रुचिका : घरोघरी पाहिजे म्हणजे घरोघरी नाही आहे. घरोघरीमध्ये आपलं घर पण आलं. म्हणजे आपल्या घरी पण नाही.

रीता : हे कोनतं गनित वो बाई?

रुचिका : दहावीचं.

रीता : दहावीचं गनित परीक्षेत कर. ते पोरगी रोज शहरातून, कुडव्यावरून, स्कूटीनं येते. बीएचा अभ्यास सोडून येते. तिचं इथी शेत हाये का? तिचा तलाव हाये का? तरी येते.

रुचिका : तेच तर म्हणते मी! शेत नाही, तलाव नाही, मतदार यादीत नाव पण नाही. आणि माइक कोणाच्या हातात? तिच्या. "सभा कागदावर नको, झाडाखाली हवी!" ही घोषणा कोणी बनवली? मी बनवली! भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर आहे अजून, तारीख टाकून. ओरडली ती, टाळ्या तिला.

रीता : तुले देल्ता न माइक, पयल्या दिवशी. का केलं तू?

रुचिका : वरून विमान आलं होतं.

रीता : विमान गेलं. तरी तू गप्पच.

रुचिका : ते बिरसी विमानतळाचे शिकाऊ पायलट मुद्दाम आपल्याच चौकावरून फिरतात.

रीता : हो, तुलेच पाहाले येतेत ते.

चेतना : माय! आली मी. दरवाजा उघडाच आहे, म्हणून सीधी आत आली. काय, भांडण चालू आहे काय?

रुचिका : बघ. माय! मी इथे जन्मले, मी मम्मी म्हणते. ही शहरातली, हिला माय म्हणायचंय.

चेतना : अरे यार, तू पण म्हण ना. मी काय पेटंट घेतलं?

रीता : बस, बाई. चहा पातेल्यात हाये, गरम करून घे. आज इतवार. उद्या अकरा वाजता तालुक्याच्या साहेबाच्या हाती सह्याईचे कागद द्याचे हायेत. एक-एक सही यादीशी मिळवून पाहू. एकबी खोटी निघाली का ते लोक आपल्यालेच खोटे म्हनतीन.

चेतना : माय, पहिले प्रॅक्टिस करू. उद्या साहेब काहीही विचारतील. रुचि, तू साहेब बन. तुझा चेहरा तसाच आहे सध्या.

रुचिका : मी बनते. पण मग मला साहेबच म्हणायचं, दोघींनी. हं. बोला बाई, काय तक्रार?

रीता : साहेब, पंधरा ऑगस्टले आमच्या गावात ग्रामसभा झालीच नाही. दवंडी नाही, सतरंजी नाही, काहीच नाही.

रुचिका : कसं नाही? रजिस्टरमध्ये एकशे चाळीस सह्या आहेत.

रीता : त्यातली एक माह्या सासऱ्याची हाये, साहेब. दुधराम नाव. तीन वर्सं झाले, वारले ते.

रुचिका : एखादी चूक होते, बाई. कारकून पण माणूसच आहे.

रीता : साहेब, बुढा जित्ता होता तवा अंगठा लावे. मेल्यावर सही सिकला का?

चेतना : हाहा! माय, हे असंच बोल. एकदम असंच.

रुचिका : शांतता! ठराव कशाचा झाला?

रीता : तलावाचा. दहा वर्सं ठेक्यानं देला. ठेकेदाराले मासोळी वाढवाची हाये, म्हून तो पानी सोडू देत नाही. इकडं धान निसवून राहिला, लोंबी भराले पानी पाह्यजे, अन् तिकडं पानी सोडाच्या तुडुमाचं तोंड बंद. आमच्या आज्या-पनज्यायनं पाळ बांधली त्या तलावाची, साहेब, अन् आमालेच पानी मांगा लागते.

रुचिका : मग तुमचं म्हणणं, तलाव ठेक्यानं देऊ नका?

रीता : नाही. माह्यं म्हननं, लोकाले इचारा. खरी सभा घ्या, पिंपळाच्या झाडाखाली, सर्व्याईसमोर. लोक हो म्हनतीन त हो. नाही म्हनतीन त नाही. हे पाहा, तीनशेच्या वर लोकाईच्या सह्या. गावात, दारोदारी जाऊन, इचारून घेतल्या. एक-एक खरी हाये.

चेतना : साहेब? ओ साहेब! पुढचा प्रश्न?

रुचिका : पुढचा प्रश्न नाही. मंजूर. चला, संपलं.

चेतना : अरे, साहेब एकदमच ढीले पडले.

रुचिका : मला भूक लागली आहे. आणि तपासायचं कशाला सगळं? वॉर्ड तीन तर मी केला. शहाण्णव सह्या! वॉर्ड दोन, चेतना मॅडम, चौऱ्याण्णव.

चेतना : मालूम आहे, बापा. परवापासून तीन वेळा सांगितलं तू. एकदा तर व्हॉट्सअॅपवर, फटाक्याच्या चित्रासोबत.

रीता : वॉर्ड दोनचे पानं झाले का पाहून?

चेतना : झाले काल. बरोबर आहेत. आता तीन नंबर घेऊ. पान पहिलं...

रुचिका : मी वाचते.

चेतना : ज्यानं सह्या घेतल्या त्यानं वाचायचं नाही. माझे पानं पण माय वाचत होती.

रुचिका : नियम कोणी केला?

चेतना : तूच केला. परवा. माझ्यासाठी.

रीता : थांबा, फोन. हॅलो? हां, कुंदाबाई, बोल. कुठी हायेस? सडक अर्जुनीले? कवा गेल्ती? आठ दिस झाले? अगे, पोरीचं बाळंतपन झालं, मले सांगतलं बी नाही! का झालं, पोरगी? वा वा. हां... हां, उद्याच देऊन राहिलो कागद. काऊन राहीन तुह्यी सही? ये तू. दुपारच्या गाडीनं ये, जागा ठेवतो तुह्यी. हो, हो. ठेव. चेतना, कुंदाबाईची ओळ रिकामी सोडजो, दुपारी येऊन राहिली ते.

चेतना : कुंदाबाई?

रीता : तीन नंबरची. मंदिराच्या बाजूची. कोनत्या पानावर हाये?

चेतना : चार.

रीता : मंग सोड जागा. काऊन, का झालं?

चेतना : माय, ती ओळ रिकामी नाही आहे.

रीता : म्हंजे?

चेतना : म्हणजे... माझी गलती आहे, माय. मी केली ती सही. मी त्या दिवशी रुचिसोबत होती थोडा वेळ. कुंदाबाई घरी नव्हती, तर मी विचार केला की ती तर देणारच आहे, कायले परत यायचं. म्हणून मीच लिहून टाकलं. सॉरी.

रीता : तू?

चेतना : हो.

रीता : जाऊ दे, बाई. थकली अससीन. मानसाच्या हातून होते. आपन काटून टाकू अन्...

रुचिका : जाऊ दे? जाऊ दे, बाई?

रीता : तू कायले वरडून राहिली?

रुचिका : तिनं केली तर जाऊ दे! मी दुधाचं पातेलं उघडं ठेवलं तर गावभर सांगते तू. तिनं कुंदाबाईची खोटी सही केली तर थकली अससीन!

चेतना : रुचि, चूप बस ना. संपलं ते.

रुचिका : नाही संपलं! ती नव्हतीच माझ्यासोबत, मम्मी. एक मिनिट पण नव्हती. ती दोन नंबरमध्ये फिरत होती. ही सही मी केली. बघ ना हा "क". असा शेपटीवाला "क" या गावात माझ्याशिवाय कोण काढतं?

चेतना : पागल आहे काय तू? मी सांभाळून घेत होती ना.

रुचिका : माइक तुझा, घोषणा तुझी, मम्मी पण अर्धी तुझी. आता माझी चूक पण तूच घेशील? ती तरी माझी राहू दे!

रीता : किती केल्या?

रुचिका : मम्मी, ऐक ना...

रीता : किती?

रुचिका : दोन. याच पानावर. कुंदाबाई, आणि खाली बिसराम काका. ते पण घरी नव्हते, पाळीवर गेले होते म्हणे. बाबाचे मित्र आहेत ना ते, आपलेच आहेत. दिलीच असती.

रीता : काऊन केल्या?

रुचिका : चौऱ्याण्णव झाल्या होत्या माझ्या. हिच्या पण चौऱ्याण्णव. मला बरोबरी नको होती.

चेतना : यार, रुचि...

रुचिका : तू बोलू नको. मम्मी, तू बोल. मार ना एक.

रीता : तिकडं पंचायतीत त्यायचा मानूस सह्या मारते. इकडं माह्या घरी माही पोरगी.

रुचिका : ते वेगळं आहे! ते तलाव विकायला करतात. मी चांगल्या कामासाठी केली.

रीता : त्यायलेबी चांगलंच काम वाटत असन. कागदावर बोट ठेवून सांग मले, कुंदाबाईच्या सहीत अन् तुह्या आज्याच्या सहीत का फरक हाये?

रुचिका : कुंदाबाई जिवंत आहे.

रीता : जित्ती हाये म्हून त इचाराचं होतं न, बाई. मेलेल्याले कोन इचारते?

चेतना : माय, दोन्ही ओळी काटू. बाकीच्या अठरा तर खऱ्या आहेत.

रीता : पानावर खाडाखोड दिसली का साहेब पयले तेच इचारीन. अन् मी उद्या "एक-एक खरी हाये" म्हननार हावो. हे पान जात नाही. रुचिका, कोरा कागद घे. या वीसबी घरी जाजो. का झालं ते सांगजो, मंग सही मांगजो.

रुचिका : का झालं ते म्हणजे? सगळं?

रीता : सगळं.

रुचिका : तिकडे माझ्या वर्गातल्या चार पोरी राहतात!

रीता : त्यायलेबी सांगजो.

चेतना : मी जाते सोबत. स्कूटी आहे.

रुचिका : नको!

रीता : जाऊ दे तिले. ऊन तापून राहिलं, वीस घरं हायेत.

रुचिका : एक विचारू? तिनं केली असं वाटलं तेव्हा तुला राग का नाही आला?

रीता : दुसऱ्याची पोर हाये ते. तिच्यावर कोन्या हक्कानं रागावू?

रुचिका : म्हणजे राग सगळा माझ्या वाट्याला, आणि कौतुक सगळं तिच्या?

रीता : हो. पसंत नाही त सांग. उद्यापासून बदलून देतो. तुले वो बाई, वा बाई म्हनत जाईन, अन् दारातून चहा देऊन वापस पाठवीन. पाह्यजे का?

रुचिका : नको.

रीता : मंग पेन घे.

(दुपार. तीन नंबर वॉर्ड, बिसराम काकांच्या फाटकाशी.)

चेतना : हे शेवटचं ना? किती झाल्या?

रुचिका : अठरा. कुंदाबाई धरून. तिनं कान पिळला, नात झाल्याचा पेढा दिला, मग सही केली. रामलाल भाऊंनी नाही केली. म्हणाले, रीताच्या पोरीवर विश्वास टाकला होता, आता पाहू. आणि दार लावलं.

चेतना : उद्यापर्यंत होईल शांत.

रुचिका : होणार नाही. ते आमचे गणिताचे सर होते चौथीत. बिसराम काकांची मिळाली तर माझ्या पंच्याण्णव होतात. खऱ्या. तुझ्यापेक्षा एक जास्त.

चेतना : तू अजून मोजून राहिली?

रुचिका : मी मरेपर्यंत मोजीन. तू इथेच थांब. आत येऊ नको. तू आलीस की लोक तुझ्याशीच बोलतात.

चेतना : ठीक आहे, बापा. इथे झाडाखाली उभी राहते. झाड तरी चालते ना?

रुचिका : काका! बिसराम काका, आहात का?

बिसराम : कोन वो? ये, ये. रीताची पोट्टी न तू? आज बऱ्याच घरी फिरून राहिली म्हनतेत. सांगतलं माह्या बायकोनं.

रुचिका : मग तुम्हाला माहीत आहे?

बिसराम : बायकोनं सांगतलं ते वेगळं. तू सांग.

रुचिका : काका, विशेष ग्रामसभेच्या मागणीवर तुमची सही मी केली. तुम्हाला न विचारता. परवा तुम्ही पाळीवर होता. चेतनापेक्षा माझ्या सह्या जास्त व्हाव्या म्हणून केली. चुकलं माझं.

बिसराम : दाखव.

रुचिका : ही. खालून दुसरी.

बिसराम : अरे बापा. इतकी चांगली? मी पाचवी सिकलो, पर असी सही मले जलमात जमली नाही. हे "म"ले का केलं तू?

रुचिका : वळण दिलं. सॉरी.

बिसराम : नाही, चांगलं दिसते.

रुचिका : आता हा कोरा कागद आहे, काका. इथे तुमची खरी करा. जशी येईल तशी.

बिसराम : नाही करत.

रुचिका : म्हणजे... चष्मा आणू का आतून?

बिसराम : दिसते मले. सही नाही करत मनलो.

रुचिका : माझ्यावर रागावून? रामलाल भाऊ पण तसंच...

बिसराम : तुह्यावर कायचा राग. लेकरू हायेस. परवा घरी असतो तरी नसती केली. माहा ओमेश ठेकेदाराच्या गाडीवर लागला. वीस दिस झाले. दोन वर्सं घरी बसला होता पोट्टा, जेवाले बसला का मान वर करत नोहता. आता करते. ठेका गेला त गाडी गेली.

रुचिका : पण ती ग्रामसभा खोटी होती, काका!

बिसराम : होती. मले ठाव हाये. मी वावरात, धानाच्या बांधीत होतो त्या दिवशी, अन् रजिस्टरात माही सही हाये.

रुचिका : त्यांनी पण तुमची केली?

बिसराम : केली न. एका महिन्यात दोनदा सही झाली माही. एकदा तिकडून, एकदा इकडून. इचारलं कोनीच नाही.

रुचिका : मग तर तुम्ही किती चिडायला पाहिजे!

बिसराम : चिडलोच हावो. चिडलो म्हून का तुह्या कागदावर सही करू? हे बरं हाये.

रुचिका : मला वाटलं होतं... बाबा आणि तुम्ही इतके दोस्त. मला वाटलं, विचारायची गरजच नाही.

बिसराम : तुहा बाबाबी असंच समजते. खरी सभा झाली त मी येईन. पयल्या लायनीत बसीन. अन् उठून सांगीन, तलाव ठेक्यानं द्या म्हून.

रुचिका : मम्मीच्या विरोधात?

बिसराम : तिच्यासमोर. चालते का?

रुचिका : मम्मी म्हणते, चालते.

बिसराम : तुह्या मायले नाही इचारून राहिलो. तुले इचारून राहिलो.

रुचिका : मला नाही आवडणार. पण चालते.

बिसराम : मंग माह्यं नाव काट. माह्यासमोर. असं नाही, वाचता येऊन राहिलं. गच्च काट.

रुचिका : झालं. बघा.

बिसराम : हां. पानी पिसीन? फाटकाशी कोन उभी हाये ते?

रुचिका : चेतना.

बिसराम : माइकवाली? चांगली बोलते ते.

रुचिका : हो.

बिसराम : तुह्याहून चांगली.

रुचिका : हो, काका. जरा हळू बोला, तिला ऐकू जाईल.

बिसराम : जाऊ दे न, खरंच त हाये. अन् घरी गेल्यावर तुह्या मायनं इचारलं, बिसरामचं का झालं, त का सांगसीन? ओमेशचं सांगसीन? का बिसराम घाबरला म्हनसीन?

रुचिका : नाही. सांगीन, बिसराम काकांना विचारलं, ते नाही म्हणाले.

बिसराम : बस, एवढंच?

रुचिका : तुम्ही एवढंच म्हणालात ना.